जिंबोचोमधलं मामाचं पुस्तकाचं दुकान : 'डेज ॲट द मोरिसाकी बुकशॉप' कुणी वाचलंय का?

रानजाई

आई जाऊन आठ महिने झाले आणि या आठ महिन्यांत मला एकही पुस्तक पुरं वाचता आलं नव्हतं. पान उघडायचं, दोन ओळी वाचायच्या, तिसऱ्या ओळीला आपण काय वाचतोय तेच कळायचं नाही, मग मिटून उशाशी ठेवायचं. मागच्या आठवड्यात मैत्रिणीने हे बारकंसं पुस्तक हातात दिलं, नाही झालं तर परत कर म्हणाली. दोन रात्रीत संपलं आणि तेव्हापासून मी याच्याबद्दल बोलायला माणूस शोधतेय, घरात कुणी वाचणारं नाही म्हणून इथे धागा काढतेय.

लेखक सातोशी यागिसावा. मूळ जपानी पुस्तक २०१० चं, एरिक ओझावा यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२३ मध्ये आला. गोष्ट तशी साधी. ताकाको पंचविशीची मुलगी, टोकियोत नोकरी करते. ज्याच्याबरोबर ती आयुष्याची स्वप्नं बघत होती तो हिदेआकी एक दिवस जेवता जेवता अगदी सहज सांगतो की माझं लग्न ठरलंय, आणि मुलगी त्यांच्याच ऑफिसातली. ती नोकरी सोडते आणि झोपते. नुसती झोपतच राहते. मग एक दिवस अंकलचा फोन येतो, की माझ्या दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे, येऊन राहा, सकाळी थोडा वेळ दुकान सांभाळ. दुकान म्हणजे टोकियोतल्या जिंबोचो भागातलं जुन्या पुस्तकांचं दुकान, मोरिसाकी.

आता मला जे सांगायचंय ते. इंग्रजीत नुसतं 'अंकल सातोरु' आहे. पण तो तिच्या आईचा धाकटा भाऊ आहे! म्हणजे मामा. दुकान पणजोबांनी काढलेलं, मग आजोबांनी चालवलं आणि आता मामाकडे आलंय. म्हणजे ही मुलगी मोडून पडल्यावर जिथे जाते ते तिचं आजोळ आहे. हे लक्षात आल्यावर मी पहिल्यापासून परत वाचायला घेतलं आणि सगळं पुस्तक माझ्यासाठी बदलून गेलं. मामा असाच असतो ना. बापासारखा जाब विचारत नाही, आईसारखा काळजीने जीव काढत नाही. तो म्हणतो ये, राहा. ताकाको वर जाऊन पुन्हा झोपतेच, दिवसेंदिवस झोपते, आणि मामा तिला 'आता पुरे, ऊठ' असं म्हणत नाही.

आई गेल्यावर मला भेटायला येणारा प्रत्येक माणूस काहीतरी सांगून गेला. सावर, बाबांकडे बघ, कामात मन गुंतव, ती सुटली असं समज. सगळे मायेनेच बोलत होते, मला राग नाही कुणाचा. पण झोपू दे तिला असं एकानेही म्हटलं नाही. म्हणून त्या मामाचं मला इतकं लागलं.

तुम्ही कुणी वाचलंय का? तुम्हाला काय वाटलं?

शब्दवेल्हाळ

वाचलंय! आणि आवडलंय. तो वासाचा प्रसंग आठवतो का, ती पहिल्यांदा दुकानात शिरते आणि म्हणते कसला कोंदट वास हा, तर मामा म्हणतो कोंदट नाही गं, पावसानंतरच्या ओल्या सकाळीसारखा म्हण. मी कोकणातली, आमच्याकडे चार महिने सगळ्या पुस्तकांना हाच वास. श्रावण संपला की माझे आजोबा सगळी पुस्तकं ओटीवर उन्हात मांडायचे आणि आम्ही पोरं कसर झटकत बसायचो, सटीक ज्ञानेश्वरीच्या पानांतून ती चंदेरी किड पळायची. त्या एका वाक्यावर मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसले होते.

निर्मळ मत

रानजाई, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी पुस्तकाबद्दल माझं मत वेगळं आहे ते मांडतो, कारण तुम्ही मनापासून विचारलंय तर उत्तरही मनापासूनच द्यायला हवं.

मला हे पुस्तक पातळ वाटलं. प्रेमभंग हे दुःख आहे, मान्य, पण शोक वेगळा. हिदेआकी इतका सपाट वाईट आहे की त्याच्याबद्दल काही वाटतच नाही, माणूस असा एकरंगी नसतो. शिवाय ज्या मुलीने आयुष्यात कधी पुस्तक वाचलेलं नाही तिला एका रात्री झोप येत नाही म्हणून ती एक पुस्तक उचलते आणि तिथून सगळं बरं होत जातं, हे मला फार सोपं वाटलं. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा माझ्याकडे कपाटं भरून पुस्तकं होती, एकाचाही उपयोग झाला नाही. वाचनाने माणूस बरा होतो असं कुणी लिहिलं की मला आतून त्रास होतो. आणि हल्ली तर जपान कोरियाकडून अशा पुस्तकांची रांगच लागलीय, मुखपृष्ठावर दुकान, खिडकीत उजेड, पायरीवर मांजर. दुःखाचं असं गोड दुकान मांडलेलं मला सहन होत नाही.

रानजाई

@निर्मळ मत, तुमच्या भावाबद्दल वाचून पोटात कालवलं. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते बरं केलंत.

पण एक सांगू का, मला नाही वाटत ती पुस्तकांनी बरी होते. पुस्तकं नंतर येतात. आधी तिला एक खोली मिळते, जिथे तिच्याकडून कुणाला काही नकोय. मग एक रात्र अशी येते की झोप पुरी होते, आता आणखी झोपता येत नाही, आणि हाताशी पुस्तकंच आहेत दुसरं काही नाही, म्हणून वाचते. पहिलं वाचते ते मुरो साइसेइ यांचं एका मुलीच्या मृत्यूपर्यंतच्या दिवसांचं. बघा, आनंदाचं पुस्तक नाही हातात येत तिच्या.

आणि शोक याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आहे हो, मोमोकोच्या भागात. मामी. पाच वर्षांपूर्वी एक दिवस काही न सांगता निघून गेलेली मामी परत येते आणि जणू काही झालंच नाही अशी स्वयंपाकाला लागते. ती का गेली, का आली, हे मामा स्वतः विचारू शकत नाही, भाचीला विचारायला लावतो. पहिला भाग वाचताना मामा किती शहाणा वाटतो आणि दुसऱ्यात कळतं की याची बायको सोडून गेलेली असताना, स्वतः पार तुटलेला असताना याने भाचीला वरची खोली दिली होती. मला तिथे रडू आलं.

मुक्काम पोस्ट टोकियो

धागा बघून राहवलं नाही. मी अकरा वर्षं इथे आहे, निशी-कासाईला राहतो, जिंबोचो माझ्यासाठी मेट्रोच्या तोझाई लाइनने कुदानशिता स्टेशन आणि तिथून दहा मिनिटं चालत. पुस्तक वाचायच्या आधीपासून जातोय.

रानजाई, तुमचा मामाचा मुद्दा वाचून मी खुर्चीतून उठलोच. जपानीत मामा, काका दोघांनाही 'ओजी'च म्हणतात. लिहिताना आईवडिलांहून मोठा की धाकटा एवढा फरक अक्षरांत दिसतो, पण आईकडचा की वडिलांकडचा हा फरक शब्दात नाही. म्हणजे हा माणूस मामा आहे हे मूळ भाषेतही शब्दाने सांगितलेलं नाही, ते आपल्याला आपल्या भाषेमुळे ऐकू आलं.

आता जागेबद्दल थोडं. यासुकुनी-दोरी म्हणून मोठा रस्ता आहे, दुकानं जास्त करून त्याच्या दक्षिण बाजूला, म्हणजे दाराची तोंडं उत्तरेला, का तर पुस्तकांवर ऊन पडून पानं पिवळी पडू नयेत. शंभराच्या वर दुकानं आहेत आणि प्रत्येकाचा विषय वेगळा, कुणी फक्त जुने नकाशे आणि लाकडी ठशांची चित्रं विकतो, कुणी नाटक सिनेमा, कुणी वैद्यकाची पुस्तकं. कादंबरीतलं मोरिसाकी आधुनिक जपानी साहित्याचं दाखवलंय ते अगदी तिथल्या रीतीला धरून. १८८० च्या दशकात या भागात कायदा शिकवणाऱ्या शाळा निघाल्या, त्यांचीच पुढे मेइजी, चुओ, सेन्शु अशी विद्यापीठं झाली, पोरं शिकून झाली की पुस्तकं विकायची आणि नवी पोरं तीच घ्यायची, त्यातून बाजार वाढला. १९१३ ला मोठी आग लागून हा भाग जळला आणि त्याच वर्षी इवानामी शिगेओ या माणसाने शिक्षकाची नोकरी सोडून इथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं. दुकानाची पाटी प्रसिद्ध कादंबरीकार नात्सुमे सोसेकींनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली आणि १९१४ मध्ये इवानामींनी त्यांची 'कोकोरो' ही कादंबरी छापली, कव्हरही सोसेकींनी स्वतःच केलं. आज इवानामी जपानातली केवढी मोठी प्रकाशनसंस्था आहे. १९२३ च्या भूकंपात सगळं परत जळलं आणि परत उभं राहिलं.

दुकानांबाहेर फळ्यांवर, खोक्यांत शंभर येनवाली पुस्तकं असतात, लोक उभ्या उभ्या तासभर वाचतात, दुकानदार काही बोलत नाही. दुपारी तिथे करी राइस खायचा, एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरता येतं म्हणून तो भाग करीसाठी प्रसिद्ध झाला असं तिथले लोक सांगतात. साबोरु म्हणून १९५५ पासूनचं कॉफीचं दुकान आहे, आत काळोखं, विटांची भिंत, त्यावर गिऱ्हाइकांनी लिहून ठेवलेली नावं. कादंबरीतल्या कॅफेत तो वादा नावाचा माणूस कुणाची तरी वाट बघत बसतो ना, मला वाचताना तेच टेबल दिसत होतं.

दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी फुटपाथवर पुस्तकांचा उत्सव भरतो, १९६० पासून, तोही कादंबरीत आहे. आणि एक, लेखकाला या कादंबरीसाठी चियोदा वॉर्डाचा साहित्य पुरस्कार मिळाला होता, जिंबोचो त्याच वॉर्डात येतं. आपल्या गल्लीवर लिहिलं म्हणून गल्लीनेच पाठ थोपटली असं वाटतं मला.

कुणी आलात तर रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

शब्दवेल्हाळ

मस्त माहिती दादा! ते उत्तरेला तोंड असलेलं वाचून घरातलं कपाट आत्ताच खिडकीपासून सरकवलं.

सुगरण पुणे

मी अजून वाचलं नाहीये पण आता मागवतेच. दुसरा भाग पण आहे का याचा? कुठलं आधी वाचायचं?

जुनी लायब्ररी

आहे दुसरा भाग, 'मोर डेज ॲट द मोरिसाकी बुकशॉप', इंग्रजीत २०२४ ला आला. आधी पहिलाच वाचा. आणि खाली मी दुसऱ्या भागाचा शेवट लिहिणार आहे तर सुगरण ताई तुम्ही इथेच थांबा.

निर्मळ मत दादांनी म्हटलं की शोक नाही. या दुसऱ्या पुस्तकात मोमोकोचं आजारपण परत येतं आणि ती जाते. मामा दुकान बंद करून बसतो. आणि आता ताकाकोची पाळी असते. जी वर झोपून राहिली होती तिने आता खाली मामाजवळ उभं राहायचं असतं. मला पहिल्यापेक्षा दुसरं जास्त आवडलं ते यासाठी.

माझ्या बाबांची डोंबिवलीत लायब्ररी होती, एकतीस वर्षं चालवली. दोन गाळे नाही, एकच, दहा बाय बाराचा. डिपॉझिट, महिन्याची वर्गणी, दिवाळी अंकांची वेगळी योजना. ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये आमच्या घरात झोपायला जागा नसायची, सगळीकडे दिवाळी अंकांचे गठ्ठे, आई आणि मी खाकी कव्हरं घालायचो, बाबा दाभणाने पुस्तकांचे कणे शिवायचे, खळीचा वास, बोटं चिकट. मग हळूहळू मेंबर कमी झाले, आणि तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. गाळ्याचं शटर मी तेरा महिने उघडलं नाही. भाडं भरत राहिले पण उघडलं नाही. सगळे म्हणत होते रद्दीला दे, गाळा सोड, प्रॅक्टिकल हो.

पहिल्या पुस्तकात एक जागा आहे, ताकाकोला मोतोजिरो काजिइच्या पुस्तकात कुणीतरी अधोरेखित केलेला मजकूर सापडतो. काजिइ हा लेखक क्षयाने एकतिसाव्या वर्षी गेला, १९३२ ला. तिला वाटतं आपल्या आधी कुणीतरी नेमकं इथेच थांबलं होतं. मी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी शटर उघडलं.

कारण सांगते. मेंबरांनी पुस्तकात पेन्सिलीने खुणा केलेल्या बाबांना अजिबात चालायच्या नाहीत, रात्री जेवून झालं की खोडरबर घेऊन बसायचे आणि एकेक ओळ खोडायचे. मी गाळ्यात बसून पुस्तकं चाळत गेले. एसटीची तिकिटं निघाली, औषधाची चिठ्ठी निघाली, जाळी पडलेलं पिंपळपान निघालं, आणि एका कवितासंग्रहात एक खूण निघाली, न खोडलेली. बाजूला बारीक अक्षरात 'हे राहू दे' लिहिलेलं, बाबांच्या अक्षरात. खूण कुणाची ते मला कधी कळणार नाही.

पुस्तकांनी बरं वाटलं असं मी म्हणणार नाही दादा. मी त्या दिवशी तिथे बसून इतकी रडले की शेजारचा झेरॉक्सवाला पाणी घेऊन आला. पण तेरा महिन्यांत पहिल्यांदा रडले हे खरं.

मुक्काम पोस्ट टोकियो

🙏 काय लिहू. 'हे राहू दे'.

निर्मळ मत

जुनी लायब्ररी ताई, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर मनात होती, आत्ता रात्री लिहितोय.

पुस्तक पातळ आहे हे मत माझं अजूनही आहे, हिदेआकीबद्दल तर नक्कीच. त्याच्या घरी मामा भाची रात्री जाऊन बेल वाजवतात, तो प्रसंग मला अजून नाटकी वाटतो. पण एक गोष्ट मी चुकीची वाचली होती. मी धरून चाललो की लेखक वाचनाला औषध म्हणतोय. रानजाईंनी खोलीचं लिहिलं आणि तुम्ही त्या खुणेचं लिहिलं, त्यावरून मी ते डोंगरावरचं प्रकरण परत काढून वाचलं. मोमोको आणि ताकाको मितागे डोंगरावर जाऊन राहतात आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मोमोको तिचं सगळं सांगते. तिथे ताकाको एकही सल्ला देत नाही. पहिल्या वाचनात मला ते कंटाळवाणं वाटलं होतं, काही घडतच नाही म्हणून.

भाऊ गेला तेव्हा माझा एक मित्र रोज संध्याकाळी येऊन माझ्या ओट्यावर बसायचा, दीड महिना. आम्ही क्रिकेटबद्दलसुद्धा बोलायचो नाही. चहा प्यायचा आणि जायचा. त्याचं मला कुठल्याच पुस्तकात काही सापडलं नव्हतं एवढी वर्षं.

(मितागे नव्हे मिताके, टायपो.)

मुक्काम पोस्ट टोकियो

मिताके बरोबर. टोकियो महानगराच्याच हद्दीत येतो, ९२९ मीटर. खालून केबल कार जाते, वर जुनं देऊळ आहे आणि भोवती यात्रेकरूंच्या मुक्कामाची घरं, काही घरं पिढ्यानपिढ्या पुजाऱ्यांचीच. मी नोव्हेंबरात गेलो होतो, रात्री वर इतकी शांतता असते की शेजारच्या माणसाने कूस बदललेली ऐकू येते. त्या दोघींचं बोलणं खाली शहरात झालंच नसतं.

आबा नाशिककर

मी फार वेळ वाचतच होतो, लिहायचं नव्हतं. वय एक्काहत्तर. पुस्तक वाचलेलं नाही, आता इंग्रजी वाचायला डोळे साथ देत नाहीत. पण रानजाई बेटा, तुला एक विचारू?

तू मामाबद्दल एवढं लिहिलंस. तुला स्वतःला मामा आहे का? असेल तर तुझी आई गेली तशी त्याची बहीण गेली. मी सांगतो कारण माझी ताई गेली चार वर्षांपूर्वी. लोक तिच्या मुलांना भेटायला आले, भाओजींना भेटायला आले. ते बरोबरच आहे. मी दारात चपला नीट लावत होतो, आल्यागेल्याला पाणी देत होतो. भावाला कुणी विचारत नाही. लहानपणी ताप आला की मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारी ती होती, हे माहीत असलेलं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. मला भाच्यांचा फोन आला की अजून हात थरथरतो, आवाज तिच्यासारखा आहे दोघींचा.

शब्दवेल्हाळ

आबा... डोळ्यात पाणी आलं.

जुनी लायब्ररी

आबा, तुम्हाला पुस्तक ऐकायचं असेल तर मी मराठीत सांगत सांगत रेकॉर्ड करून पाठवते. खरंच. रोज थोडं थोडं. मला फक्त व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रानजाई

दोन दिवस इथे आले नाही. आबांचं वाचल्यावर काय लिहावं सुचेना.

मला मामा आहे आबा, एकच. संगमेश्वराजवळ खेड्यात असतो, मामी पाच वर्षांपूर्वी गेली, मुलगा दुबईला. आईच्या दिवसांना आला होता. तेराव्याला पंगतीत वाढत होता, मला आत्ता आठवलं की त्याला जेवताना मी बघितलंच नाही, तो जेवला का तेही मला माहीत नाही. जाताना म्हणाला होता वाटलं तर ये हो घरी, माडीवरची खोली मोकळीच आहे. अगदी हेच शब्द. आणि मी पुस्तकात ते वाचून रडले आणि माझ्या मामाने म्हटलेलं मला आठवलंसुद्धा नाही!

काल रात्री फोन केला. त्याने उचलला, मी हॅलो म्हटलं आणि पलीकडे कितीतरी वेळ आवाजच नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, अगं आक्कासारखा आवाज आला.

मग आम्ही फणसांबद्दल बोललो. माकडांनी या वर्षी काही ठेवलं नाही म्हणाला. मी विचारलं येऊ का चार दिवस, तर म्हणाला माडी झाडून घेतो, गादी उन्हात टाकतो, पावसाने दमट झालीय, वास येईल तुला.

मी म्हटलं येऊ दे वास.

शनिवारी पहाटेच्या गाडीने निघतेय. जुनी लायब्ररी ताई, ते रेकॉर्डिंग मलाही पाठवाल का? मामालाही इंग्रजी वाचता येत नाही.